डब्यावरचे आकडे वाचा, मगच इंजिनात ऑइल घाला



गॅरेजमध्ये रोज ऐकू येणारा एक संवाद आहे. "मिस्त्री, ऑइल कुठलं आणू?" "आणा हो दादा, चांगल्यातलं." एवढ्यावर व्यवहार उरकतो. बाजारात गहू घेताना आपण मूठभर हातावर घेऊन पाहतो, साडी घेताना पदर उलगडून पाहतो. पण ज्याच्यावर लाख-दोन लाखांच्या इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे, ते ऑइल मात्र डबा न वाचता घेतो.

सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत गाडी फार करून कमाईसाठी येते. कुणाची वडापची जीप, कुणाचा भाजीचा टेम्पो, तर कुणी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली जुनी मोटार भाड्याने चालवतो. इंजिन जाम झाले तर क्रँक, बेअरिंग, पिस्टन सगळे काम निघते. गाडी महिनाभर गॅरेजला पडते आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. तो हप्ता मग मुलांच्या फीमधून किंवा घरातल्या बाईच्या बचत गटाच्या पैशातून जातो. म्हणून हा विषय घरातल्या सर्वांनी समजून घेण्याजोगा आहे. ऑइल निवडणे अवघड नाही. डब्यावरच्या दोनच गोष्टी वाचायच्या असतात. जाहिरात, रंग आणि किंमत यांचा नंबर त्यानंतर लागतो.

ऑइल नेमके काय करते?

इंजिनातला क्रँक मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसापेक्षाही कितीतरी पातळ असा ऑइलचा थर असतो. त्या थरामुळेच धातूला धातू घासत नाही. याशिवाय ऑइल उष्णता वाहून नेते, काजळी आणि कचरा आपल्यात सामावून घेते आणि आतील भाग गंजू देत नाही.

इंजिन ही वस्तू आपल्या भागाला नवी नाही. धनजीशा कूपर यांच्या साताऱ्यातील कारखान्याने देशात फार लवकर डिझेल इंजिने बनवायला सुरुवात केली. पुढे १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर निघाली आणि कितीतरी शिक्षक-कारकुनांच्या दारात उभी राहिली. ती टू-स्ट्रोक होती. तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचे. त्यामुळे "ऑइल घातले की झाले" अशी एक सवय जुन्या मंडळींना लागली. आजच्या मोटारी आणि मोटारसायकली फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्यात ऑइल जळून जात नाही, तेच ते हजारो किलोमीटर फिरत राहते. म्हणजे ते जुने होते, थकते. म्हणून कोणते घातले आणि केव्हा बदलले, या दोन्ही गोष्टींना आता महत्त्व आले आहे.

पहिली गोष्ट: जाडीचे आकडे

डब्यावर १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असे काहीतरी ठळक छापलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत कसे वागते ते सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती जाड राहते ते सांगतो.

गुऱ्हाळावरची काकवी डोळ्यांसमोर आणा. थंडीत ती बाटलीतून हलत नाही, गरम केली की पाण्यासारखी धावते. ऑइलचेही तसेच आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते थंडीत लवकर धावते. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांना आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना घेतात. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तरी पेपरात बातमी येते, मग उणे ३० शी आपल्याला काय करायचे, असे कुणी म्हणेल. पण रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे सुरू केली की ऑइल खालच्या चेंबरमधून वरपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात झीज होते. लहान आकड्याचे ऑइल दहा-बारा अंशांच्या थंडीतही लवकर वर पोहोचते.

नंतरचा आकडा १०० अंश तापमानाला मोजलेल्या जाडीचा आहे. मोजण्याचे माप सेंटीस्टोक. साध्या पाण्याची जाडी या मापाने सुमारे १ भरते. गरम ऑइलची जाडी २० आकड्याला ६.९ ते ९.३, ३० ला ९.३ ते १२.५, ४० ला १२.५ ते १६.३ आणि ५० ला १६.३ ते २१.९ अशी ठरलेली आहे.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, असे पुष्कळ जण धरून चालतात. जुन्या जीपच्या बाबतीत ते खरेही होते, कारण ते इंजिनच १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० साठी बनलेले होते. त्यात आजचे पातळ ०डब्ल्यू-२० घातले तर प्रेशर पडेल आणि भरल्या गाडीने कुंभार्ली घाट चढताना तो पातळ थर तुटेल. उलट ज्या नव्या पेट्रोल मोटारीला कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितले आहे, तिच्यात २०डब्ल्यू-५० घातले तर बारीक वाटांतून ऑइल वेळेवर पोहोचणार नाही, इंजिन जड चालेल आणि पेट्रोल जास्त जाईल. पातळ ऑइलने पेट्रोल वाचते हे खरे, पण ती बचत शंभरात एखाद-दुसऱ्या टक्क्याची असते. तेवढ्यासाठी पुस्तिकेत नसलेले पातळ ऑइल घालण्यात शहाणपणा नाही.

मग करावे काय? गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढावी. पुष्कळ पुस्तिकांमध्ये दोन-तीन आकडे दिलेले असतात. गाडी शहरात हलकी चालत असेल तर त्यातले पातळ घ्यावे. गाडी माणसे भरून पसरणी घाट, आंबेनळी घाट करत असेल किंवा उन्हाळ्यात दिवसभर हायवेला असेल, तर परवानगी दिलेल्यांपैकी जाड घ्यावे. कामगिरी आणि संरक्षण यांचा मेळ असा घालायचा असतो.

दुसरी गोष्ट: दर्जाची अक्षरे

डब्याच्या मागे बारीक अक्षरांत 'एपीआय एसएन', 'एपीआय एसपी', 'एपीआय सीआय-४' असे लिहिलेले असते. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. एस ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनांसाठी आणि सी ने सुरू होणारी डिझेलसाठी. पुढचे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा आणि एसक्यू २०२५ चा. डिझेलमध्ये सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा २०१६ चा.

पेट्रोल गाडीत नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो. पुस्तिकेत एसएम लिहिले असेल आणि बाजारात एसपी मिळत असेल, तर खुशाल घ्या, जाडीचा आकडा तेवढा जुळवा. उलटे मात्र करू नका. विशेषतः लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत इंधन अवेळी पेटून पिस्टनला इजा होते. ते टाळण्याची परीक्षा एसपी दर्जात घेतलेली आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यातील पुष्कळ डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी जळून जाते, परंतु ऑइलमधील रसायनांची राख जळत नाही. ती गाळणीत बसून राहते आणि गाळणी बदलणे फार महाग पडते. अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. डब्यावर 'एसीईए सी२' किंवा 'सी३' असे लिहिलेले असते. या दर्जात राख ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या जीपचे उरलेले ऑइल नव्या बीएस-६ मोटारीत ओतणे म्हणजे हाताने नुकसान ओढवून घेणे होय.

घरात मोटार आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर आणखी एक गोष्ट. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे क्लच घसरू लागतो. मोटारसायकलीसाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' पाहावे. गिअर नसलेल्या स्कूटरला 'एमबी' असते.

मिनरल की सिंथेटिक?

मिनरल ऑइल कच्च्या तेलातून शुद्ध करून काढतात. सिंथेटिक हे रासायनिक प्रक्रियेने बनवलेले किंवा फार वरच्या पातळीपर्यंत शुद्ध केलेले असते. दोन्हींचे मिश्रण म्हणजे सेमी-सिंथेटिक. सिंथेटिक उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि थंडीत लवकर धावते. म्हणून टर्बो इंजिनाला ते मानवते.

पण सिंथेटिक या शब्दालाही मर्यादा आहे. सिंथेटिक कोणाला म्हणावे यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या दोन कंपन्यांमध्ये वाद झाला. १९९९ साली तेथील जाहिरातींची तपासणी करणाऱ्या मंडळाने निकाल दिला की कच्च्या तेलापासूनच, परंतु खूप प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइललाही सिंथेटिक म्हणता येईल. त्यामुळे 'फुल सिंथेटिक' असे दोन डब्यांवर लिहिलेले असले तरी आतला माल एकसारखाच असेल असे नाही. शब्दापेक्षा दर्जाची अक्षरे भरवशाची, ती अशी.

सर्व्हो, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल या सर्वांची ऑइले अनेक दर्जांत आणि अनेक जाड्यांत मिळतात. एकाच नावाखाली तुमच्या गाडीला योग्य डबाही असतो आणि अयोग्य डबाही असतो. म्हणून "कोणती कंपनी चांगली?" या प्रश्नाने फारसे हाती लागत नाही.

वहीत हिशोब मांडून पाहा

खर्चाची वही घरातल्या ज्या व्यक्तीकडे असते, तिने हा हिशोब करावा. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपल्या दुकानातले भाव घालून पाहा. लहान पेट्रोल मोटारीत ३ लिटर ऑइल बसते असे धरू. मिनरल समजा ३५० रुपये लिटर, म्हणजे १,०५० रुपये. फिल्टर १५० आणि मजुरी २००, एकूण १,४००. सिंथेटिक समजा ७०० रुपये लिटर. तेच फिल्टर आणि तीच मजुरी धरून एकूण २,४५०.

वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत मिनरल ५,००० ला बदलले तर वर्षाचे २,८०० रुपये होतात. पुस्तिका सिंथेटिकवर १०,००० ची मुदत देत असेल तर २,४५० मध्ये भागते. म्हणजे महाग डबा स्वस्त पडला. पण गाडी वर्षाला ३,००० किलोमीटरच चालत असेल, तर मुदत वर्षाची धरावी लागते आणि दोन्ही ऑइले वर्षातून एकदाच बदलायची असतात. तेथे पुस्तिकेची परवानगी असल्यास १,४०० चे पुरे. मात्र महाग ऑइल घातले म्हणून पुस्तिकेतली मुदत स्वतःच्या मनाने वाढवू नये.

आपले रस्ते, आपली धूळ, आपला पूर

बऱ्याच पेट्रोल मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातील जे आधी येईल ते, अशी मुदत असते. पण त्याच पुस्तिकेत पुढे कठीण वापराची वेगळी मुदत दिलेली असते आणि ते पान आपण उलटत नाही. धूळ, घाट, जादा ओझे, वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या, हे सर्व कठीण वापरात येते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळची उन्हाळ्यातली धूळ पाहा. ऊस हंगामात कारखान्याच्या रस्त्यावरची माती पाहा. एअर फिल्टर फाटका असेल तर ती धूळ आत जाऊन ऑइलमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरसारखे काम करते. वडापच्या जीपला तर सगळेच लागू आहे. अशा गाडीने मुदत निम्म्यावर आणावी आणि ऑइलबरोबर एअर फिल्टरही पाहावा.

ऑइल काळे झाले म्हणजे बाद झाले, हाही गैरसमज आहे. डिझेल इंजिनात नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवते. ते त्याचे कामच आहे. मुदत रंगावरून ठरवू नका, किलोमीटर आणि तारखेवरून ठरवा.

मात्र एक रंग धोक्याचा आहे. ऑइलची काडी काढून पाहिल्यावर ते दुधाळ, चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. त्या पुरात आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये किती तरी गाड्या दारात उभ्या असताना पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर "सुरू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवली की खरे नुकसान होते. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी कधीही सुरू करून पाहू नये. बॅटरीची तार काढावी, गाडी ओढून न्यावी, इंजिनातील पाणी काढून ऑइल आणि फिल्टर बदलल्यावरच ती सुरू करावी. विमा असेल तर आधी कंपनीला कळवावे आणि फोटो काढून ठेवावेत.

बनावट डबा आणि जुने ऑइल

नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके ऑइल भरून विकण्याचा धंदा चालतो. सुटे ऑइल घेऊ नका. झाकणाचे सील आपल्यासमोर फोडायला सांगा, उत्पादनाची तारीख पाहा, पक्की पावती घ्या. ऑइल ओतून झाले की रिकामा डबा मागून घ्या आणि त्याला भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

जुन्या ऑइलविषयी थोडे कळकळीने सांगायचे आहे. आपली कितीतरी मुले गॅरेजात काम शिकतात. त्यांचे हात कोपरापर्यंत काळ्या ऑइलने माखलेले असतात आणि त्याच हातांनी ती वडापाव खातात. वापरलेल्या ऑइलमध्ये जळण्यातून आलेली घातक द्रव्ये असतात. वर्षानुवर्षे ते कातडीला लागत राहिले तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे घालावेत, ऑइलने भिजलेला कपडा खिशात ठेवू नये, हात साबणाने धुवावेत, पेट्रोलने धुऊ नयेत. मुलगा गॅरेजला जात असेल तर आईवडिलांनी त्याला हे बजावून सांगावे.

ते ऑइल गटारात, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. पाणी आणि जमीन दोन्ही नासतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. एप्रिल २०२४ पासून त्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे. घरी ऑइल बदलत असाल तर जुने ऑइल डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

हे कापून गाडीत ठेवा

१. पुस्तिकेतील जाडीचा आकडा आणि दर्जाची अक्षरे एका चिठ्ठीवर लिहून गाडीत चिकटवा. दुकानदाराला आणि मिस्त्रीला ती चिठ्ठी दाखवा.

२. दर पंधरा दिवसांनी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी काडी पुसून पातळी पाहा. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असणे वाईट, तसे वरच्या खुणेच्या पुढे भरणेही वाईट, कारण त्याने फेस होतो.

३. ऑइल बदलताना ऑइल फिल्टर दर वेळी बदला. जुन्या फिल्टरमधला गाळ नव्या ऑइलमध्ये मिसळतो.

४. निळा धूर येत असेल तर ऑइल जळत आहे. जाड ऑइल घालून थोडे दिवस निभावते, परंतु दुरुस्तीचे पैसे बाजूला काढायला लागा.

५. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. खंबाटकी घाटात असलात तरी "पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ" असे म्हणू नका. तेवढे दोन किलोमीटर इंजिन जाम व्हायला पुरेसे आहेत.

६. बदललेल्या ऑइलची तारीख, किलोमीटर आणि डब्यावरचे नाव वहीत लिहा. पुढे गाडी विकायची झाली तर घेणारा ही वही पाहून दोन पैसे जास्त देतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही अशीच वही मागावी. वही नसेल तर गाडी घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलून टाकावे आणि त्या तारखेपासून आपली वही सुरू करावी.